दुसरी भिंगरी

उन्हाळा असा चढला की शेडमधल्या कोंबड्या उभ्या-उभ्या माना टाकायला लागल्या. थोरली पहाटेच बादली घेऊन आत शिरायची आणि मेलेल्या वेचायची. पाय धरून उचलायचं, बादलीत टाकायचं, पुढे व्हायचं. काही अजून गरम असायच्या, काहींच्या पोटाला खाली अंथरलेला भाताचा तूस ओला होऊन चिकटलेला. तो वास आधी डोळ्यांना झोंबायचा, मग घशात उतरायचा आणि दिवसभर तिथेच ठाण मांडून बसायचा. जेवतानासुद्धा.

वाकलं की तिची कंबर धरायची. म्हणून ती एक हात खांबाला टेकवून वाकायची आणि त्याच हातावर भार देऊन उठायची. बघणाऱ्याला वाटावं, पन्नाशीची बाई आहे. तिला अजून पंचविशी लागली नव्हती.

शेड मालकाची. शेडच्या कडेची पत्र्याची खोली मालकाची. त्या खोलीत राहणारी माणसंही गावाच्या लेखी मालकाचीच. बाप रात्री राखण करायचा, दिवसा खाद्याच्या गोण्या वाहायचा. आई पाण्याची भांडी घासायची. उरलेलं सगळं थोरलीकडे. धाकटी मात्र शेडमध्ये पाय टाकत नसे. तिचे पाय त्या कामासाठी नव्हतेच. धाकटी पळायची.

चौदा वर्षांची काडीसारखी पोर, पण कालव्याच्या वाटेला लागली की सायकलवाले मागे पडायचे. लांब पल्ल्याची शर्यत असली की कॉलेजातल्या मुलींना मागून गाठायची आणि पुढे निघून जायची, जशा काही त्या तिथे नव्हत्याच. गाव तिला भिंगरी म्हणायचं. चौकात तिचा फोटो लागला होता, खाली मालकाचा त्याहून मोठा.

भिंगरी हे नाव आधी थोरलीचं होतं. चौकातल्या त्याच खांबांवर तिचाही फोटो झुलला होता. पुढे तिची कंबर गेली आणि ते नाव काही वर्षं तसंच पडून राहिलं. धाकटीने पहिली शर्यत मारली त्या दिवशी लोकांनी ते उचलून तिला लावलं. थोरलीला कुणी विचारलं नाही. विचारायचं तरी काय?

त्या सकाळी ती भरलेली बादली घेऊन बाहेर आली तेव्हा धाकटी घामाने निथळत अंगणात उभी होती. तिच्या मागोमाग मास्तरची मोटारसायकल आली. मास्तर शाळेत कवायत शिकवायचा. मुली पळायच्या, तो मागून गाडीवरून शिट्टी मारत यायचा. मालक प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेत बसला होता आणि शेजारी कोंबड्यांना लस टोचायला येणारा औषधवाला.

"चढ गं," मास्तर म्हणाला.

खाद्याच्या गोण्या तोलायचा काटा दाराशीच होता. धाकटीने बूट काढले, मोजे काढले, केसांतला चिमटासुद्धा काढून बाजूला ठेवला आणि काट्यावर चढली. मास्तरने वाकून बघितलं आणि च्यक् केलं.

"वाढलंय. रात्री काय हाणलंस?"

"भात. थोडाच, सर."

"थोडाच म्हणे!" त्याने तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरली, ओढली आणि मालकाला दाखवली. "ही बघा. ही चरबी. ही घेऊन पळायचंय तिला सबंध पल्ला."

चिमटीत नुसती कातडी होती. आतलं हाड लांबूनही दिसत होतं.

मालकाने बशी खाली ठेवली. "मोठ्या शर्यतीपर्यंत टिकेल ना?"

"टिकेल. हिचं अजून सुरू झालेलं नाही, तेच आपलं नशीब. हिच्या आईकडून खबर घेत असतो मी. एकदा ते सुरू झालं की पोरींचं अंग सुटतं आणि खेळ खलास. त्याच्या आत काय ते काढून घ्यायचं." बोलता बोलता त्याची नजर थोरलीवर आणि तिच्या बादलीवर गेली. "ही बघा की. काय पोर होती! वर्षात म्हैस झाली."

मालक हसला. औषधवाला हसला. आणि काट्यावर उभी असलेली धाकटी, दंड चोळत, तीही हसली.

थोरली बादली घेऊन मागच्या खड्ड्याकडे गेली. कोंबड्या ओतल्या, वर चुना टाकला.  

आई हौदाशी भांडी घासत होती. थोरली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू सरांना तिच्या पाळीचं सांगतेस?"

"विचारतात ते."

"परक्या माणसाने विचारलं की सांगायचं?"

"परका कसला? तिच्या भल्याचंच बघतात ना?" आईने हातातलं भांडं उपडं केलं. "तुझ्या वेळी नव्हते का सांगत?"

 एवढी वर्षं थोरलीला वाटत होतं की पाळी आल्याचं मास्तरने आपल्या अंगाकडे बघून ओळखलं असेल. तेही तिला किळसवाणं वाटायचं. त्या वेळी एक दिवस मैदानावर तो सगळ्या पोरींसमोर म्हणाला होता, "लागली का ब्याद मागे?" ती मान खाली घालून पळत राहिली होती, पोटात कळा येत असताना. ते शब्द आपल्या घरातून, आपल्या आईच्या तोंडून निघून तिथवर पोचले होते, हे तिला आज कळलं.

"मला वाटलं, जपून शिकवतील," आई हळू आवाजात म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

*

दुपारी शेडवर गोणपाटं लावून त्यावर पाणी मारायचं काम असायचं. नळी ओढून ओढून खांद्याला वळ उठायचे. पाणी मारून होईपर्यंत पहिलं गोणपाट वाळलेलं असायचं. तशातच एकदा थोरलीने बघितलं, धाकटी खोलीच्या पायरीवर बसून ओलं फडकं नडगीला गुंडाळतेय.

"काय झालं?"

"काही नाही."

"दाखव."

"ताई, काही नाही म्हटलं ना."

थोरली खाली बसली आणि तिने नडगीवरून अंगठा हळूहळू खाली आणला. वर काही नाही. मध्ये काही नाही. मग एक जागा आली, बोटाच्या पेराएवढी, आणि धाकटीच्या तोंडून अशी किंचाळी फुटली की आतल्या कोंबड्या फडफडल्या.

थोरलीला ती जागा ठाऊक होती. तिचीही तिथेच सुरुवात झाली होती. मास्तरने तेव्हा पट्टी बांधली होती आणि "दुखणं डोक्यात असतं" म्हणून पळवली होती. नडगी वाचवायला तिने पाऊल तिरपं टाकायला सुरुवात केली आणि ते सगळं वर कंबरेत गेलं.

"किती दिवस झाले?"

"पळताना नाही दुखत. पहिली थोडी वाट दुखतं, मग गरम होतं आणि कळतच नाही. खरंच गं." धाकटीने तिचा हात धरला. "बाबांना सांगू नकोस. शर्यत झाली की घेते ना विश्रांती."

"शर्यत झाली की पाय राहील का?"

धाकटीने हात काढून घेतला. तिचा चेहरा बदलला. गालफडं बसलेल्या त्या चेहऱ्यावर मास्तरचं तोंड उमटल्यासारखं दिसलं.

"तुला नाही जमलं म्हणून मलाही थांबवायचंय तुला. सर म्हणतात तेच खरं."

"काय म्हणतात सर?"

"ताईचं ऐकत जाऊ नकोस, म्हणतात. तिच्यात जिद्दच नव्हती."

थोरली उठली, नळी उचलली आणि उरलेल्या गोणपाटांवर पाणी मारायला गेली. कोंबड्यांना खायला घालून, भांडी भरून, मेलेल्या वेचून झाल्यावरही तिच्या कानात तो एकच शब्द घोंगावत होता. जिद्द. मोडलेल्या हाडावर ती सबंध हंगाम पळाली होती.

दुसऱ्या दिवशी बाप झोपलेला असताना तिने धाकटीला अंड्यांच्या टेम्पोत बसवलं. सरांनी नवे बूट घ्यायला सांगितलंय असं काहीतरी खोटंच सांगितलं. टेम्पो सरकारी दवाखान्यासमोर थांबला तेव्हा धाकटीने तिला शिवी दिली, पण उतरली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली होती आणि तिच्या टेबलावरचा पंखा बंद होता. तिने नडगी दाबली, फोटो काढायला पाठवलं, मग तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. धाकटीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. खाण्याचं विचारलं, पाळीचं विचारलं. ऐकता ऐकता तिचे ओठ घट्ट होत गेले.

"हाडाला तडा गेलाय. आणि नुसता तडा नाही, हाडंच कच्ची राहिलीत. उपाशी ठेवलंय तुम्ही हिला."

"आम्ही नाही. सर ठेवतात."

"ताट घरात वाढता ना?"

थोरलीने मान खाली घातली.

"पळणं बंद. पोटभर खायचं. पाळी यायला पाहिजे, ती आल्यावर हाड भरतं, कळलं? वर्षभराने हळूहळू परत पळू दे. घाई काय आहे? बायका लांब पल्ला तिशीत उत्तम पळतात. चौदाव्या वर्षी कुणाचं काही संपत नसतं."

थोरलीने मान वर केली. "तिशीत?"

"तिशीत. लेकरं झाल्यावरसुद्धा. तुम्ही का लंगडता?"

"जुनं आहे," थोरली म्हणाली.

परत येताना टेम्पोत धाकटी बाहेर बघत होती. थोरलीला सारखं तेच आठवत होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणालं नव्हतं, बस, खा, थांब, अंग भरू दे, मग बघू. सगळ्यांनी म्हटलं, संपली, आणि तीही म्हणाली, संपले, आणि बादली उचलली.

*

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाप गोणीवर बसला होता, मालक खुर्चीवर, मास्तर गाडीला टेकून.

मास्तरने हाडाचा फोटो हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. "हे डॉक्टर लोक! पळणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हाडात रेघ असतेच. रेघ नसेल तर ती पळतच नाही, असं समजा."

"मोडेल पाय," थोरली म्हणाली.

"शर्यत एवढ्यावर आली आणि आता पाय मोडतोय! तुझाच जीव जळतोय, दुसरं काय?"

मालक शांतपणे बापाकडे वळला. तो कधी आवाज चढवत नसे. "आधीच या उन्हाने माझं कंबरडं मोडलंय. अर्धी शेड मेली. पुढच्या वेळी पिल्लं भरायची की नाही, याचाच विचार चाललाय. नाही भरली तर राखण कशाची करायची? बघा बुवा, पोरगी तुमची आहे. मी कोण बोलणारा?"

बापाने गोणीच्या शिवणीतला धागा ओढला, बोटाला गुंडाळला, सोडला.

"पळेल की," तो म्हणाला. "एवढी एक पळेल. मग बघू."

"बाबा!"

"तू आत जा."

"मी पळणार," धाकटी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने ते मोठ्याने म्हटलं, आणि मास्तरने तिची पाठ थोपटली. त्याचा हात पाठीवर जरा जास्तच वेळ राहिला. थोरली त्या हाताकडेच बघत होती. आई दारात उभी होती. तिनेही तो हात बघितला आणि आत जाऊन दिवा लावला.

*

मुलींबरोबर बाईमाणूस लागतं, असा शर्यतीचा नियम होता. आईला शेडमधून हलता येत नव्हतं, म्हणून थोरलीला नेलं. निघायच्या आधी ती धाकटीला शोधत खाद्याच्या खोलीत गेली. धाकटी गोणीवर बसली होती, पाय पुढे पसरलेला. औषधवाला तिच्यासमोर उकिडवा बसून सुई बाहेर काढत होता. शेजारी त्याची ती पेटी उघडी होती, कोंबड्यांच्या लसीची.

"काय टोचलंस रे?"

"काही नाही. दुखू नये म्हणून." त्याने कापूस दाबला. "गुरांनाही देतो आम्ही. काही होत नाही."

धाकटी उठली, चार पावलं चालली आणि तिचा चेहरा खुलला. "ताई, खरंच नाही दुखत गं!"

कित्येक दिवसांनी ती अशी, लहान असताना हसायची तशी हसली होती. थोरलीला ते हसू बघवलं नाही.

मैदानावर ऊन रटरटत होतं. चुन्याने आखलेल्या रेघेमागे मुली उड्या मारून अंग मोकळं करत होत्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. चपट्या, हाडं वर आलेल्या, डोळे मोठे. त्यांच्या मागे त्यांचे मास्तर, काका, मालक, टोप्या घालून, घड्याळं हातात घेऊन. कुणीतरी एका पोरीच्या मांडीवर थाप मारून म्हणालं, "ही बघा, ही कसली तयार आहे!" थोरली तोंड फिरवून चालायला लागली. ती थांबली ती थेट पंचांच्या मंडपात.

मंडपात एक वयस्क पंचबाई शिट्टी गळ्यात घालून बसली होती.

"बाई, त्या निळ्या बनियनवाल्या मुलीला पळू देऊ नका. हाड तडकलंय तिचं. सुई टोचून आणलंय."

"तू कोण तिची?"

"बहीण."

पंचबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उठली, रेघेजवळ गेली आणि धाकटीला बाजूला घेतलं. मास्तर धावतच आला. "काय झालं, काय झालं? तिची बहीण जरा... डोक्याने अशी आहे हो."

"थांबा तुम्ही." पंचबाईने धाकटीची नडगी दाबली. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही बाई."

"बरं. एका पायावर उड्या मार. याच पायावर."

धाकटीने दुसरा पाय मुडपला आणि उडी मारली. थोरलीकडे बघत मारली, डोळ्यात डोळे घालून. परत मारली, आणखी उंच. मास्तर हसायला लागला. "बघा! हे तडकलेलं हाड!" ती आणखी एकदा उडाली, खाली आली, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

आधी कुणालाच कळलं नाही. धाकटी खाली बसली होती आणि तिचा पाय गुडघ्याखाली जिथे वळायला नको तिथे वळला होता. ती ओरडली नाही. सुईचं औषध अजून उतरलं नव्हतं. ती नुसती त्या पायाकडे बघत होती. मग तिने मान वर केली.

"तू मोडलास," ती थोरलीला म्हणाली. "माझा पाय तू मोडलास."

"पळताना काही झालं नसतं!" मास्तर ओरडत होता. "उड्या कशाला मारायला लावल्या? पळताना जोर वेगळा पडतो!" माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी फोन काढून पायाचा फोटो घ्यायला लागलं. थोरलीने ओढणी काढून बहिणीच्या पायावर टाकली. धाकटीने ती भिरकावून दिली.

मागे शिट्टी वाजली. उरलेल्या मुली पळत सुटल्या आणि जमलेली माणसं हळूहळू तिकडे वळली. मास्तरही वळला. नुसतं बघायला, असं दाखवत.

*

दवाखान्यात पायात सळई घातली. घरी आल्यावर बापाने थोरलीच्या तोंडात मारली. एकच, पण जेवढा जोर होता तेवढ्याने. आईने अडवलं नाही. मालक दोनेक आठवड्यांनी आला, खुर्चीवर बसला, धाकटीला फळं दिली आणि म्हणाला की नवी पिल्लं भरायची तर त्याला धडधाकट जोडपं लागेल, ज्यांच्या घरात आजारपण नाही. चौकातला फलक तोवर उतरला होता. तो कापड म्हणून कुणीतरी बैलगाडीवर ओढून घेतला होता.

खोली सोडून ते चौघं दुसऱ्या गावी बटाट्याच्या गोदामावर गेले. तिथे सडके बटाटे वेगळे काढायचे असतात. हात घातला की बोट आत रुततं आणि घाणेरडं पाणी मनगटापर्यंत येतं. थोरली आणि आई तिथे बसत. बाप गोण्या उचलायचा. धाकटी खोलीत पडून असायची. थोरली तिला ताट द्यायची, तिचे केस विंचरायची, तिला धरून उठवायची. धाकटी सगळं करून घ्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. आईशी बोलायची, बापाशी बोलायची. थोरली जवळ आली की ओठ मिटायची.

एकदा अंड्यांचा टेम्पोवाला बटाटे न्यायला आला. जुनी ओळख, म्हणून दारात टेकला, पाणी प्याला आणि तिकडच्या बातम्या सांगत बसला.

"मास्तरने नवी पोर धरलीय बरं का. विटाभट्टीवरची. एवढीशी आहे, दहा वर्षांची असेल नसेल. परवा जिंकली. पोरं तिलाच आता भिंगरी म्हणतात."

 दहा वर्षांची. थोरलीला तो काटा दिसला, ती चिमटी दिसली. तिने टेम्पोवाल्याला विचारलं, कुठली भट्टी, आई आहे का तिला, तिथे जायला गाडी कुठून मिळते. त्याला धड काही सांगता आलं नाही. "तू कशाला पडतेस त्यात?" असं म्हणून तो उठला आणि गेला.

संध्याकाळी तिने धाकटीसमोर ताट ठेवलं. धाकटीने भात कालवला. मग, इतक्या महिन्यांनी, ताटातच बघत म्हणाली,

"ताई."

थोरली दारातून परत फिरली.

"ती माझ्यापेक्षा वेगात पळते का गं?"

थोरलीला वाटलं, हिला आत्ता एक ठेवून द्यावी. मग तिच्या लक्षात आलं, धाकटी पहिल्यांदा जिंकून आली त्या दिवशी आपणही चूल पेटवता पेटवता आईला हेच विचारलं होतं. याच शब्दांत. आणि आईने काय उत्तर दिलं ते ऐकण्यासाठी फुंकणी बाजूला ठेवली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"नाही," ती म्हणाली. तिने ती पोर कधी पाहिली नव्हती. "तुझ्या निम्मीसुद्धा नाही."

धाकटीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते सगळ्या चेहऱ्यावर पसरेपर्यंत थोरली बघत राहिली, दुसरीकडे बघवेना म्हणून.

धाकटीने मान खाली घालून भराभर घास घेतले आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून वाढ," ती म्हणाली.

थोरलीने वाढलं.